मोकळी टाच, बांधलेली टाच

१८९३ च्या डिसेंबरात आर्थर कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सला रायखेनबाखच्या धबधब्यात लोटून दिले, ही गोष्ट होम्सच्या मराठी वाचकांना चांगली ठाऊक आहे. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १८९४ च्या मार्चमध्ये, हे लेखकमहाशय स्वतः स्वित्झर्लंडमधल्या एका बर्फाळ उतारावरून विजारीच्या बैठकीवर घसरत खाली येत होते, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. त्यांच्या पत्नीला क्षय झाला होता आणि थंड, कोरड्या हवेसाठी कुटुंबाचा मुक्काम दावोसला होता. तिथल्या तोबियास आणि योहान ब्रांगर या दोन भावांना नॉर्वेच्या लांब फळ्यांचा, म्हणजे स्कींचा, नाद लागला होता. तिघे एका पहाटे अंधारातच निघाले आणि मायेनफेल्डर फुर्गा नावाची खिंड ओलांडून दुपारच्या आत पलीकडच्या आरोझा गावात पोचले.

चढ त्या फळ्यांवर ठीक पार पडला. पंचाईत झाली ती उतरताना. एका जागी उतार इतका उभा होता की फळ्यांवर उभे राहण्याची सोयच नव्हती. तेव्हा त्या पायांतून काढायच्या, एकमेकींना बांधायच्या आणि वर बसून घसरगुंडी करायची असे ठरले. डॉयल यांच्या फळ्या हातातून सुटल्या आणि धन्याला वर ठेवून एकट्याच खाली निघून गेल्या. मागून धनी विजारीवर! त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी हा सगळा प्रवास ‘स्ट्रँड’ मासिकात लिहिला, आणि आपली फजिती मुळीच लपवली नाही.

आपल्यापैकी बहुतेकांचा बर्फाशी संबंध गोळ्यापुरता आणि फ्रिजपुरता. तरीही या फळ्यांचा इतिहास वाचताना मला पुष्कळ ओळखीचे काही सापडले. एका कामासाठी घडलेले हत्यार दुसऱ्या कामाला लावायचे, त्यासाठी त्याला कापायचे, ठोकायचे, वाकवायचे, आणि त्यात हातपाय मोडून घ्यायचे, अशी ही सव्वाशे वर्षांची कहाणी आहे. सगळी कहाणी पायाच्या एका भागाभोवती फिरते. तो भाग म्हणजे टाच.

आपल्याकडच्या खडावा आठवा. अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामध्ये एक खुंटी, बाकी सगळा पाय मोकळा. चालताना टाच उचलली जाते, खडाव बोटांना लटकून पुढे येते. नॉर्वेतली जुनी स्की याच तत्त्वावर चाले. बुटाचे टोक एका पट्ट्यात अडकवायचे आणि टाच मोकळी ठेवायची. नॉर्वे-स्वीडनमध्ये स्की हे खेळणे नव्हते. स्वीडनमधल्या काल्व्हट्रेस्क येथे दलदलीत सापडलेली स्की पाच हजार वर्षांपूर्वीची आहे. शिकारीला जाणे, शेजारच्या वस्तीवर जाणे, जंगलातून लाकूड आणणे या कामांसाठी माणसे मैलोन्‌मैल सपाटीवरून आणि लहानसहान टेकाडांवरून चालत. त्यासाठी मोकळी टाच हवीच. टाच बांधून चालून पाहा. दहा पावलांत पिंढऱ्या भरून येतील.

पण उतारावर हीच मोकळी टाच घात करते. बुटाचा मागचा भाग डावी-उजवीकडे सरकतो, फळी एकीकडे जाते आणि पाय दुसरीकडे. वळायचे म्हटले तर पायाचा जोर फळीपर्यंत पोचतच नाही. टेलेमार्क भागातल्या मोरगेदालचा सोंद्रे नोरहाइम हा गरीब कूळ-शेतकरी. त्याने विलोच्या फांद्या, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातकुळीतल्या झाडाच्या फांद्या, पिळून त्यांचा वेढा टाचेमागून घेतला. ओल्या फांद्या वाकतात आणि वाळल्यावर स्प्रिंगेसारख्या ताणून धरतात. टाच उचलता तर येई, पण बाजूला सरकत नसे. १८६८ मध्ये राजधानी ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत, शर्यतीला आला तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला होता. त्याची वळणे पाहून शहरी लोक थक्क झाले. पुढे १८८४ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि डाकोटाच्या सपाट माळावर, जिथे घसरायला धड टेकडीसुद्धा नव्हती, १८९७ मध्ये वारला.

नोरहाइमच्या डोंगरांचे उतार सौम्य होते. आल्प्सचे तसे नाहीत. हा फरक पहिल्यांदा ज्याच्या अंगावर आला तो माणूस माथियास झ्दार्स्की. जन्म मोराव्हियातला, पेशाने शिक्षक आणि चित्रकार, आणि ऑस्ट्रियातल्या लिलियेनफेल्डजवळच्या डोंगरात एका शेतघरात एकटा राहणारा. फ्रित्योफ नान्सेन याने १८८८ मध्ये पाच सोबत्यांसह स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले होते. त्याचे पुस्तक जर्मनमध्ये आल्यावर मध्य युरोपात जी माणसे झपाटली, त्यांत झ्दार्स्की होता. त्याने नॉर्वेहून स्की मागवल्या. आल्या त्या जवळजवळ तीन मीटर लांबीच्या. त्या घेऊन उभ्या उतारावर वळायचे म्हणजे जिन्यात शिडी फिरवण्यासारखे.

झ्दार्स्कीने त्या तोडल्या. लांबी कमी केली, तळाची खाच काढून टाकली, आणि मग पायाच्या बांधणीकडे वळला. कित्येक हिवाळे तो एकट्याने करून पाहत राहिला. शेवटी त्याने पोलादाची एक पट्टी घेतली, तिच्यावर बूट चामड्याच्या पट्ट्यांनी आवळला, आणि पट्टीचे पुढचे टोक बिजागरीने आणि स्प्रिंगेने फळीला जोडले. आता टाच पट्टीसकट वर उचलली जाई, म्हणून चढता येई. पट्टी बाजूला हलत नसे, म्हणून वळता येई. १८९६-९७ च्या सुमारास त्याने या पद्धतीवर पुस्तक लिहिले. १९०५ मध्ये लिलियेनफेल्डच्या मुकेनकोगेल डोंगरावर काठ्यांच्या दारांतून उतरण्याची चाचणी घेतली. नॉर्वेवाल्यांना हा माणूस आवडला नाही. आमची हजारो वर्षांची स्की हा तीन वर्षांत सुधारणार, असा त्यांचा सूर. घरचेही विरोधक होतेच. ऑस्ट्रियन लष्करातला गेओर्ग बिल्गेरी हा दोन काठ्यांचा पुरस्कर्ता, झ्दार्स्की एकाच लांब काठीचा. दोघांचे भांडण द्वंद्वयुद्धाच्या भाषेपर्यंत गेले. काठीच्या बाबतीत बिल्गेरी बरोबर ठरला. पण ती बिजागरीची पट्टी वाचकांनी ध्यानात ठेवावी. शंभर वर्षांनी ती पुन्हा भेटणार आहे.

चढण्याचा दुसरा प्रश्न म्हणजे फळी मागे घसरू न देणे. त्याचे उत्तर उत्तरेकडच्या शिकारी जमातींनी फार पूर्वीच काढले होते: फळीच्या तळाला जनावराचे कातडे लावायचे, केस मागच्या दिशेला. पुढे सरकताना केस बसतात, मागे घसरू लागताच उभे राहून बर्फात रुततात. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवला की कळते. आल्प्समध्ये यासाठी सीलचे कातडे पट्ट्यांनी बांधत. आज मोहेअरची, म्हणजे अंगोरा बकरीच्या लोकरीची, किंवा नायलॉनची पट्टी मागच्या चिकट लेपाने चिकटवतात. वर पोचले की सोलून काढायची, घडी करून पिशवीत टाकायची.

आता इथे आपला देश मध्येच डोकावतो. १८८० च्या जुलैत अफगाणिस्तानात मैवंदला इंग्रजांचा दारुण पराभव झाला. त्या रणात मुंबई इलाख्याच्या फौजेतल्या पलटणी होत्या, बॉम्बे सॅपर्सची तुकडी होती, आणि कथेतल्या डॉ. वॉटसनलाही गोळी लागली ती मैवंदलाच. पराभवाची भरपाई करायला जनरल रॉबर्ट्स सुमारे दहा हजारांची फौज घेऊन काबूलहून निघाला आणि तीनशेहून अधिक मैल तीन आठवड्यांच्या आसपास कापून कंदाहारला पोचला. कानपूरला जन्मलेला हा सेनानी पुढे ‘लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार’ झाला. म्हातारपणी त्याने स्कीच्या एका शर्यतीसाठी करंडक दिला. शर्यत भरवणारा तरुण म्हणजे आर्नल्ड लन. वडील हिंदुस्थानात मिशनरी होते, त्यामुळे लनचा जन्म मद्रासचा. कानपूर आणि मद्रास अशा दोन हिंदुस्थानी गावांत जन्मलेल्या इंग्रजांनी मिळून आल्प्समधल्या एका खेळाला कंदाहार हे नाव चिकटवले, ते आजतागायत निघालेले नाही.

१९११ ची ही पहिली शर्यत स्वित्झर्लंडमधल्या मोंटानाला झाली. स्पर्धकांनी आदल्या दिवशी स्वतःच्या पायांनी डोंगर चढून वरच्या झोपडीत रात्र काढली आणि सकाळी हिमनदीवरून शर्यत सुरू केली. तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. उतरायचे तर आधी चढायला हवे, हा निसर्गनियम होता. १९२४ मध्ये म्युरेन गावी कंदाहार स्की क्लब निघाला. त्याच नावाचे एक बाइंडिंग, म्हणजे बूट फळीला धरून ठेवणारे साधन, १९२९ च्या सुमारास ग्विडो रोज नावाच्या स्विस माणसाने काढले. त्याच्या घराण्याचा धंदा होता वाजणाऱ्या पेट्यांचा. चावी दिली की गाणे वाजवणारी डबी आपल्याकडे कुणाकुणाच्या आजीच्या कपाटात असायची, तसल्या. स्प्रिंगेशी खेळण्याची सवय त्या घरात होती.

रोजची युक्ती मला या साऱ्या इतिहासात सर्वांत देखणी वाटते. बुटाचे टोक दोन लोखंडी कानांमध्ये बसते. टाचेमागून एक तारेचा वेढा येतो, त्यात स्प्रिंग असते, आणि पुढचा खटका दाबला की तो ताणला जातो. फळीच्या दोन्ही कडांना, टाचेच्या बाजूला, लहान आकडे असतात. चढताना तार आकड्यांबाहेर ठेवायची, मग टाच उचलते. उतरताना तार आकड्यांखाली घ्यायची, मग टाच फळीला घट्ट दाबली जाते. वर पोचल्यावर खाली वाकून तार एकदा इकडची तिकडे केली की झाले! एकच साधन, दोन्ही कामे.

एकच दोष होता, आणि तो भयंकर होता. पडल्यावर ते सुटत नसे. फळी बर्फात अडकली, माणूस पुढे गेला आणि पाय मध्ये राहिला, की नडगी मोडे. इंग्रजीत त्याला अस्वलाचा सापळा म्हणत. टाच मोकळी ठेवावी तर वळता येत नाही, बांधावी तर पाय मोडतो. धरले तर चावते, सोडले तर पळते.

हे कोडे सोडवायला घेतले ते ज्याचा स्वतःचा पाय मोडला अशा माणसाने. याल्मार व्हाम हा नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेत ओरेगनला स्थायिक झालेला अव्वल दर्जाचा शर्यतपटू. १९३७ मध्ये माउंट हुडवर त्याचा पाय मोडला. शस्त्रक्रियेनंतर दवाखान्याच्या खाटेवरच त्याला सुटणाऱ्या बाइंडिंगचा आराखडा सुचला, असे तो सांगत असे. टोकाचा तुकडा ठरावीक जोरापलीकडे पिळला गेला की बाजूला फिरेल आणि बूट सोडून देईल, ही ती कल्पना. १९३९ मध्ये त्याने पेटंट घेतले. तिथून पुढे टोकाचा एक खटका आणि टाचेचा एक खटका, दोन्ही ठरावीक जोरावर उघडणारे, असा आजच्या उताराच्या स्कीचा साचा हळूहळू तयार झाला. किती पाय त्यामुळे वाचले असतील याची मोजदाद नाही.

मात्र याच काळात दुसरे एक यंत्र आले आणि त्याने चढच रद्द केला. १९३४ च्या डिसेंबरात दावोसच्या बोल्गेन उतारावर माणसांना दोरीने वर ओढणारी लिफ्ट सुरू झाली. जिथून चाळीस वर्षांपूर्वी डॉयल अंधारात चालत निघाले होते, तेच हे दावोस. दोन वर्षांनी अमेरिकेत सन व्हॅलीला खुर्च्यांची लिफ्ट झाली. १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये उताराची स्की पहिल्यांदा आली. आता दिवसातून एकदा नव्हे, वीस वेळा खाली यायचे, आणि वर जायचे ते बसून. मग टाच मोकळी करण्याची सोय कशाला? ती गेली. बुटाला वाकायची गरज कशाला? तीही गेली. १९६० च्या दशकात बॉब लँग या अमेरिकनाने प्लॅस्टिकचे कडक बूट आणले. घोटा त्यात प्लॅस्टरमध्ये घातल्यासारखा गच्च बसतो. उतारावर त्याला तोड नाही, पण तो घालून हॉटेलच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाची चाल पाहावी; आमच्याकडे नव्या जोड्याने पाय सोललेला नवरदेव बरा चालतो.

अशा रीतीने पाच हजार वर्षे चालण्यासाठी वापरलेली वस्तू तीसएक वर्षांत चालण्याला निरुपयोगी झाली. लिफ्टच्या दोन खांबांमधला उतार हीच तिची दुनिया.

सगळ्यांना हे रुचले नाही. लिफ्टच्या माथ्यावरून पलीकडे पाहिले की न तुडवलेल्या बर्फाचे उतार दिसतात. तिथे तार नाही, खुर्ची नाही, गर्दी नाही. तिथे जायचे तर स्वतःच्या पायांनी. युरोपात अशी भटकंती कधी थांबली नव्हती. तिच्यासाठी वेगळ्या, हलक्या बनावटीच्या बिजागरीच्या बांधण्या मिळत. १९७० च्या दशकात कोलोरॅडोतल्या क्रेस्टेड ब्यूटच्या तरुणांनी सरळ नोरहाइमची मोकळी टाच परत आणली, आणि गुडघा टेकवत घेतले जाणारे ते जुने टेलेमार्क वळण नव्याने शिकले. पण सामान्य माणसाजवळ असे ते उताराचे साधन: जड फळी, कडक बूट, बंद टाच. दुसरा संच घ्यायचा तर खर्च दुप्पट. भाड्याच्या फळ्यांना तर भोक पाडायचीही मुभा नाही.

या माणसासाठी एक मधला जोड निघाला. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या बोल्डरच्या एका कंपनीने तो ‘अल्पाइन ट्रेकर’ या नावाने विकला. त्याआधी युरोपात ‘सेक्युराफिक्स’ नावाचा याच जातीचा जोड होता. कल्पना अशी. एक खालची चौकट घ्यायची. तिच्या पुढच्या-मागच्या ओठांचा आकार अगदी बुटाच्या ओठांसारखा करायचा. ती उताराच्या बाइंडिंगमध्ये दाबली की बाइंडिंगला वाटते, बूटच आला, आणि ते तिला धरून ठेवते. या चौकटीवर पुढच्या टोकाला बिजागरीने जोडलेली दुसरी चौकट, आणि खरा बूट तिच्यात अडकवायचा. आता टाच वर उचलते. उभ्या चढावर पोटरीवर ताण येऊ नये म्हणून टाचेखाली एक दुमडणारा आधार, उंच टाचेच्या चपलेसारखा. तळाला कातडे चिकटवायचे आणि चालू लागायचे. माथ्यावर पोचलात की जोड काढून पाठीवरच्या पिशवीत टाका, बूट थेट बाइंडिंगमध्ये बसवा, आणि आपली नेहमीची बांधलेली टाच घेऊन खाली या.

झ्दार्स्कीची पोलादी पट्टी ओळखली ना? तीच ही. शंभर वर्षांनी ती परत आली, ज्या साधनाने तिला हाकलून दिले होते त्याच्याच अंगावर बसून.

जोडाचे हाल कमी नव्हते. बूट फळीपासून चार बोटे वर उचलला जाई, त्यामुळे उतारावरून आडवे जाताना पाय डुगडुगे. बिजागरी बोटांच्या पुढे असल्याने चाल अवघडलेली. बूट मुळात कडक, घोटा वाकत नाही, म्हणून पावले आखूड आणि टाचेला फोड. शिवाय वजन. ढोबळ हिशेब करून पाहू. हजार मीटरचा चढ, प्रत्येक पावलाला वीस सेंटीमीटर उंची मिळाली तर पाच हजार पावले. प्रत्येक पावलाला अर्धा किलो जास्तीचा उचलायचा, म्हणजे दिवसाअखेर अडीच टन! माथ्यावर वाऱ्यात, बधिर बोटांनी, सगळे उचकटून पिशवीत भरायचे ते वेगळेच. आणि उतरताना मध्येच लहानसा चढ आला की पुन्हा सगळा संसार बाहेर. अमेरिकन पोरांनी त्याचे नावच पाडले ‘डे-रेकर’, दिवस बुडवणारा.

तरी मला या जोडाची बाजू घ्यावीशी वाटते. त्याने कोणाचे काही मोडले नाही. फळीला एक भोक पाडावे लागले नाही. उतरताना व्हामच्या परंपरेतला सुटणारा खटका जसाच्या तसा कामाला होता, पूर्ण भरवशाचा. आणि ज्याला दोन संच परवडत नव्हते त्याला तारेपलीकडचा डोंगर दिसला. चांगले साधन घेणारे पुष्कळ जण आधी या वाईट साधनावरून गेले होते.

पुढची पायरी म्हणजे जोड कायमचाच फळीवर बसवणे. १९९५ मध्ये फ्रिची या स्विस कंपनीने ‘डियामिर’ बाइंडिंग आणले. डियामिर म्हणजे नंगा पर्वताचेच दुसरे नाव, तेव्हा हिमालय इथेही आहेच. टोकाचा खटका आणि टाचेचा खटका एका दांड्यावर, दांडा पुढे बिजागरीवर, मागे कुलूप. कुलूप काढले की चढ, लावले की उतार. पिशवीत काही भरायचे नाही. मात्र टाचेचा अख्खा लोखंडी बाडबिस्तरा पावलागणिक उचलावा लागे तो लागेच.

या ओझ्याला कंटाळलेला एक माणूस त्याच्या दहाएक वर्षे आधीच वेगळ्या वाटेने गेला होता. टिरोलचा फ्रिट्झ बार्टेल, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. मों ब्लांच्या चढाईत जड साधनांनी त्याला पुरता घामाघूम केले. आपण आळशी असल्यामुळे हा शोध लागला, असे तो सांगतो. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्याने विचारले: पट्टी तरी कशाला हवी? बूट इतका कडक झालाच आहे तर बूटच पट्टी होईल. बुटाच्या टोकाला दोन्ही बाजूंना एकेक खळगा, आणि फळीवरच्या दोन लहान खुंट्या त्यांत चिमट्यासारख्या बसतात. टाच फिरते ती या दोन खुंट्यांवर. मागे आणखी दोन खुंट्या, त्या फिरवून समोर आणल्या की टाच बंद. चालताना वर उचलावा लागतो तो फक्त बूट. ज्या प्लॅस्टिकच्या कडकपणाने चालणे संपवले, त्याच कडकपणावर त्याने चालणे पुन्हा उभे केले. मोठ्या कंपन्यांनी आधी त्याला दारातूनच परत पाठवले. १९९० च्या आसपास डायनाफिटने ते हाती घेतले. त्याचे पेटंट संपल्यावर सगळ्यांनीच त्या खुंट्या बनवायला सुरुवात केली.

इथे हिशेब फक्त वजनाचा राहत नाही. चढताना खुंट्या आपोआप उघडू नयेत म्हणून पुढचा खटका कुलूपबंद करतात. अशा वेळी हिमस्खलन आले तर फळ्या पायातून सुटत नाहीत, आणि लोंढ्यात त्या नांगरासारख्या माणसाला खाली ओढतात. उतरतानाही पहिल्या पिढीच्या खुंट्यांचे सुटणे व्हामच्या खटक्याइतके खात्रीचे नव्हते. म्हणजे हलकेपणाची किंमत मोजायची ती सुरक्षिततेत. २०१८ मध्ये सालोमोंने ‘शिफ्ट’ नावाचे बाइंडिंग आणले. त्यात चढताना टोकाला खुंट्या आणि उतरताना त्याच जागी उताराच्या बाइंडिंगचा जबडा. रोजने १९२९ मध्ये तार इकडची तिकडे करून जे साधले होते, ते पुन्हा एकाच साधनात आले, या खेपेला पाय मोडू न देता. पण तेही पुरते हलके नाही. २०२६ च्या मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीवरची पर्वतचढाई पहिल्यांदा आली. तिथल्या स्पर्धकांच्या पायात बार्टेलच्या खुंट्यांचीच सडपातळ पोरेबाळे होती.

बर्फाचे भय कोणत्याही खटक्याने जात नाही, हे झ्दार्स्कीइतके कोणाला कळले नसेल. पहिल्या महायुद्धात तो ऑस्ट्रियन सैन्याचा हिमस्खलनातला जाणकार होता. १९१६ च्या फेब्रुवारीत तो स्वतःच एका स्खलनात सापडला. अंगातली सुमारे ऐंशी हाडे मोडली किंवा निखळली. साठीला आलेला तो माणूस त्यातून उठला, पुन्हा स्कीवर उभा राहिला आणि १९४० पर्यंत जगला.

आपल्याकडे हा सगळा पसारा गुलमर्गला भेटतो. इंग्रज अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये तिथे स्की क्लब ऑफ इंडिया काढला. १९४८ च्या नोव्हेंबरात जनरल थिमय्यांनी झोजी ला खिंडीवर रणगाडे चढवून शत्रूला चकित केले, आणि डिसेंबरात त्यांच्याच १९ व्या डिव्हिजनची स्की शाळा गुलमर्गला सुरू झाली. पुढे तिचीच हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाली. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीपासून आसाम रेजिमेंटपर्यंत सगळीकडचे जवान तिथे बर्फावरचे युद्ध शिकतात. सैनिकाला केवळ खाली येऊन भागत नाही. त्याला बंदूक आणि ओझे घेऊन आधी वर जावे लागते. उताराचा खेळ लिफ्टच्या आधाराने कितीही सुधारला तरी लष्कराला मोकळी टाच कधी सोडता आली नाही. २०१० च्या फेब्रुवारीत खिलनमर्गच्या उतारावर याच शाळेच्या प्रशिक्षणार्थींवर हिमस्खलन कोसळले आणि १७ जवान गेले.

त्याच डोंगरावर २००५ पासून गोंडोला अफारवतच्या खांद्यापर्यंत, सुमारे १३,००० फुटांवर नेऊन सोडते. वर उतरले की दोन वाटा. एक खाली, जिच्यासाठी टाच बंद करून निघायचे. दुसरी धारेवरून पलीकडे, जिथे तार पोचत नाही. तिकडे जाणारे तिथेच कडेला बसतात, पिशवीतून कातडी काढतात, फळ्यांच्या तळाला चिकटवतात, वाकून टाचेचा खटका उघडतात, आणि पहिले पाऊल टाकण्याआधी एकदा टाच वर-खाली करून पाहतात.